तीन सुताचा बोल्ट, चार प्रकारचे आटे



या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोठ्या गोष्टींबद्दल बोलतो. आजचा विषय तळहातावर मावणारा आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली, जिथून कुठून तुम्ही हे ऐकत किंवा वाचत असाल, तिथल्या जुन्या बाजारात तो पाच-दहा रुपयांना मिळतो. विषय आहे बोल्ट. त्यातही जुन्या मोटरसायकलचा बोल्ट.

निवृत्तीनंतर मी घरामागच्या शेडमध्ये एक छोटं वर्कशॉप थाटलं. एक व्हाइस, एक जुना लेथ, कानशी, टॅप-डायचे डबे आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग. त्यामुळे माझ्याकडे जुन्या बुलेटवाल्यांची ये-जा असते. त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: "सर, बोल्ट बसतो पण घट्ट होत नाही." या एका वाक्यामागे पावणेदोनशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो कळला तर गाडी वाचते, आणि कधी कधी चालवणाराही वाचतो.

सूत सांगतं जाडी, आटे सांगत नाही

आपल्याकडे फिटर आणि मेकॅनिक सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे ५/१६, तीन सूत म्हणजे ३/८, चार सूत म्हणजे अर्धा इंच. करोलबागेतला मेकॅनिक असो, चेन्नईच्या पुदुपेटमधला असो की पुण्याच्या जुन्या बाजारातला, सूत सगळ्यांना कळतं.

पण सुतानं फक्त जाडी कळते. बोल्टवर एका इंचात किती आटे पाडले आहेत, हे सुतात येत नाही. आता हे बघा. तीन सुताचा बोल्ट व्हिटवर्थ पद्धतीचा असेल तर इंचाला १६ आटे. ब्रिटिश फाइन, म्हणजे बीएसएफ असेल तर २०. अमेरिकन फाइन असेल तर २४. आणि ब्रिटिश सायकल आटा, म्हणजे सीईआय असेल तर २६. जाडी एकच, आटे चार प्रकारचे. शेजारी मेट्रिकचा १० मिलिमीटरचा बोल्ट ठेवला तर पाचवा भाऊ तयार. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात.

यातला प्रत्येक आकडा कुणीतरी, कुठल्यातरी कारणानं ठरवला आहे. ती कारणं आता क्रमानं पाहू.

जोडीचा नट हरवला तर

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नट आणि बोल्ट जोडीनंच जन्माला यायचे. कारागीर हातानं आटे पाडायचा आणि त्या बोल्टला तोच नट बसायचा. यंत्र खोललं की जोड्यांवर खुणा करून ठेवाव्या लागत. एक नट हरवला तर नवा घडवायचा, दुसरा मार्ग नव्हता.

हे बदलायला सुरुवात केली हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिरानं. त्याचा जन्म १७७१ सालचा, वूलिचचा. तिथल्या सरकारी आर्सेनलमध्ये, म्हणजे तोफखान्याच्या कारखान्यात, त्यानं पोरवयात काम केलं. १८०० सालाच्या आसपास त्यानं आटे पाडणारा असा लेथ उभा केला, ज्यात हत्यार हातात धरायचं नव्हतं. ते सरकत्या बैठकीवर घट्ट बसवलेलं असे आणि एक लांब स्क्रू त्याला ठरावीक वेगानं पुढे नेत असे. गिअर बदलले की आट्यांची संख्या बदलायची. माझ्या शेडमधला लेथ आजही याच तत्त्वावर चालतो. मूळ विचारात फरक पडलेला नाही.

एकसारखे आटे पाडता येऊ लागले, पण प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळेच राहिले. हा गोंधळ मॉडस्लेकडेच काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं सोडवला. त्यानं इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. १८४१ साली त्यानं लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्ससमोर निबंध मांडला: आट्याचा कोन ५५ अंश, टोकं आणि तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीला आट्यांची एकच संख्या. पाव इंचाला २०, ३/८ ला १६, अर्ध्या इंचाला १२. त्यानं कागदावर आदर्श आटा रचला नाही. लोक जे वापरत होते त्याच्याच मधोमध रेघ ओढली, म्हणून लोकांना ते स्वीकारणं सोपं गेलं.

याचा फायदा क्रिमियाच्या युद्धात दिसला. ब्रिटिश नौदलाला सुमारे ९० गनबोटींची इंजिनं घाईनं हवी होती. जॉन पेन या इंजिन बनवणाऱ्यानं नमुन्याच्या इंजिनाचे भाग सुटे केले आणि वेगवेगळ्या कारखान्यांत तसेच भाग करायला पाठवले. सगळीकडून आलेले भाग एकत्र जोडता आले, कारण आटे जुळत होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसणं ही तोपर्यंत गृहीत धरायची गोष्टच नव्हती.

भारतात व्हिटवर्थ आला तो मुख्यतः रेल्वेबरोबर. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६२ साली बिहारमध्ये जमालपूरचा रेल्वे कारखाना उभा राहिला. इंग्लंडहून इंजिनं आली, त्याबरोबर पाने आले, टॅप-डाय आले, फिटर आले. त्या फिटरांच्या हाताखाली आपली माणसं शिकली.

सुईच्या गावातली मोटरसायकल

अमेरिकेनं मात्र वेगळी वाट धरली. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनं १८६४ साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये सांगितलं की व्हिटवर्थचा गोलसर आटा कापायला अवघड आहे. त्याचा पर्याय होता ६० अंशांचा कोन आणि चपटी टोकं. साधा कारागीरसुद्धा असं हत्यार घासून तयार करू शकतो, हा त्याचा युक्तिवाद होता. ६० अंशांचा कोन काटकोनासारखाच भूमितीनं सहज काढता येतो. ५५ चा येत नाही. १८९८ साली झुरिचच्या परिषदेत युरोपानं मेट्रिक आटा ठरवला, त्यानंही ६० अंशच घेतले.

इंग्लंडच्या आतही फाटे फुटले. व्हिटवर्थचे आटे मोठ्या इंजिनांसाठी छान होते, पण सायकलच्या पातळ नळीवर एवढे खोल आटे पाडले तर नळीच उरायची नाही. म्हणून सायकल बनवणाऱ्यांच्या संस्थेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपला बारीक आटा ठरवला. कोन ६० अंश, आणि नेहमीच्या मापांना इंचाला २६ आटे. हाच सीईआय. पुढे १९०८ मध्ये मोटारी आणि यंत्रांसाठी व्हिटवर्थचाच बारीक भाऊ, बीएसएफ, प्रमाणित झाला.

आता यात बुलेट कुठे आली? रेडिच हे इंग्लंडमधलं सुया बनवणाऱ्यांचं गाव. तिथला एक सुयांचा कारखाना सायकलींकडे वळला. पुढे त्याला एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्यासाठी अचूक भाग बनवण्याचं काम मिळालं आणि त्यातून रॉयल एनफिल्ड हे नाव आलं. १९०१ साली त्यांनी पहिली मोटरसायकल काढली. सुई, सायकल, बंदूक, मोटरसायकल, असा त्या कारखान्याचा वारसा.

म्हणूनच या गाडीत आट्यांची सरमिसळ आहे. सायकलच्या घराण्यातून आलेला २६ चा बारीक आटा आहे, आणि ॲल्युमिनिअमच्या केसिंगमध्ये जाडे आटेही आहेत. याला कारण आहे. ॲल्युमिनिअम मऊ धातू, त्यात बारीक आटे उपटून निघतात. म्हणून एकाच स्टडचं केसिंगमधलं टोक जाड्या आट्याचं आणि नटाकडचं टोक बारीक आट्याचं असा प्रकार ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसतो. ज्याला हे माहीत नाही तो स्टड उलटा घालतो आणि दोन्हीकडचे आटे घालवतो.

युद्धानं विचारलेला हिशेब

दुसऱ्या महायुद्धात या वेगळेपणाची किंमत मोजावी लागली. रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं बनवायला घेतलं. इंजिन ब्रिटिश, म्हणून आटे ब्रिटिश. तशी हत्यारं अमेरिकेत तयार मिळेनात, तेव्हा पॅकार्डला टॅप आणि डाय स्वतः बनवावे लागले. आघाडीवर तर एकाच ताफ्यात ब्रिटिश मोटरसायकली, अमेरिकन जीप आणि कॅनडात बनलेले ट्रक असत. एका गाडीचा नट दुसरीला चालत नसे आणि एकाचा पाना दुसऱ्याला बसत नसे.

युद्धानं पान्यांवरही खूण सोडली. जुन्या ब्रिटिश पान्यावर जो आकडा असतो, तो नटाच्या तोंडाची रुंदी सांगत नाही. तो बोल्टची जाडी सांगतो. युद्धकाळात लोखंड वाचवायला व्हिटवर्थ बोल्टची डोकी एका मापानं लहान केली. त्यामुळे जो पाना पूर्वी ३/८ च्या बोल्टला लागायचा, तोच ७/१६ च्या बोल्टला लागू लागला. म्हणून काही पान्यांवर एकाच तोंडाला दोन आकडे कोरलेले दिसतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा तुमच्या गावच्या जुन्या बाजारात असा पाना दिसला तर तो चुकीचा छापला आहे असं समजू नका. लोखंडाच्या टंचाईची ती नोंद आहे.

आपल्या ईएमई कोअरची स्थापना १९४३ ची, म्हणजे ऐन युद्धातली. बंदुकीपासून ट्रकपर्यंत सगळं दुरुस्त करणारं स्वतंत्र दल लागतं, हे तेव्हा पटलं होतं. युद्धानंतर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका सामायिक आट्यावर सही केली. तो युनिफाइड आटा. ६० अंशांचा, म्हणजे सेलर्सचा कोन जिंकला. गंमत अशी की जाड्या आट्यांत पाव इंचाला २० आणि ३/८ ला १६ हे व्हिटवर्थचेच आकडे राहिले. अर्ध्या इंचाला मात्र त्याचे १२ आणि अमेरिकेचे १३. त्यामुळे व्हिटवर्थ आणि अमेरिकन जाडा आटा बऱ्याचदा एकमेकांत फिरतात. अर्ध्या इंचाला मात्र अडकतात.

एका शेडमध्ये तीन राज्यं

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यानं सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसी बुलेट निवडली. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचच्या कंपनीनं मिळून एनफिल्ड इंडिया स्थापन केली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. आधी जोडणी, मग हळूहळू सगळे भाग इथेच. पण नकाशे, गेज आणि हत्यारं रेडिचची, म्हणून आटेही रेडिचचे.

त्याच काळात देश मेट्रिककडे निघाला होता. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला चेक घराण्याची जावा आणि उत्तरेत पोलिश घराण्याची राजदूत बनू लागली. दोन्ही मेट्रिक. सैन्यात जबलपूरला जर्मन परवान्याचा शक्तिमान ट्रक तयार होत होता, तोही मेट्रिक. जीप अमेरिकन घराण्याची, इंची पण ६० अंशांची. आणि डिस्पॅच रायडरची बुलेट ब्रिटिश.

मी नोकरीला लागलो तेव्हा युनिटच्या एमटी पार्कमध्ये ही तिन्ही राज्यं शेजारी शेजारी उभी होती. आमच्या एलएडीत, म्हणजे युनिटसोबतच्या छोट्या दुरुस्ती तुकडीत, एक हवालदार होते. त्यांनी पान्यांच्या तीन पेट्या केल्या होत्या आणि प्रत्येकीला वेगळा रंग दिला होता. नव्या पोराला ते आधी पेट्या शिकवत, गाडी नंतर. एकदा एका पोरानं विचारलं, "उस्ताद, चौदाचा पाना लागतोय की बुलेटला." ते म्हणाले, "लागतो आणि बसतो यात फरक आहे, बेटा."

हा फरक आकड्यांत पाहा. बुलेटच्या पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड १३.३ मिलिमीटर. तेराचा पाना जात नाही, चौदाचा सैल बसतो. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. ५/१६ चं तोंड १५.२, पंधराचा जात नाही, सोळाचा सैल. फक्त ३/८ ला निसर्गानं दया केली आहे: १८.०३, तिथे अठराचा पाना जवळजवळ बरोबर बसतो. जुन्या बुलेटचे गोल झालेले नट पाहिले की मला कळतं, इथे चौदाचा पाना फिरून गेला आहे.

बसतो, पण धरत नाही

आता त्या तक्रारीकडे येऊ. मेट्रिकमधला सहा मिलिमीटरचा नेहमीचा बोल्ट घ्या. त्याच्या आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण साडेपंचवीस आटे. पाव इंची सायकल आटा किंवा बीएसएफ इंचाला २६. जवळजवळ सारखे! पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्यामुळे सहाचा बोल्ट पाव इंची नटात सरळ फिरत जातो, तळापर्यंत बसतो आणि हाताला वाटतं, जमलं. प्रत्यक्षात आट्यांच्या फक्त टोकांची पकड असते. गाडी उभी असेपर्यंत ठीक. धक्के बसू लागले की टोकं झिजतात आणि बोल्ट निसटतो. हा बोल्ट मडगार्डचा असेल तर खडखडाट होईल. ब्रेकचा असेल तर पुढचं मी सांगायला नको.

आठचा मेट्रिक बोल्ट ५/१६ च्या भोकात घातला तर उलटं होतं. दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. मग पाना लांब केला जातो, आणि केसिंगमधले ॲल्युमिनिअमचे आटे बाहेर येतात. यानंतरचा नेहमीचा इलाज म्हणजे मोठा ड्रिल आणि मेट्रिक टॅप. पाच मिनिटांचं काम. पण ते केसिंग साठ वर्षांपूर्वी ओतलेलं आहे आणि त्यात परत धातू भरणं सोपं नाही. दोन-तीन मालकांनी असं केलं की भोकाची भिंतच संपते.

म्हणून माझ्या शेडमध्ये काही नियम आहेत. ते तुम्हालाही सुचवतो.

पहिला, ओळखल्याशिवाय हत्यार लावायचं नाही. आटे घासलेटनं आणि पितळी ब्रशनं स्वच्छ करा. व्हर्नियरनं जाडी मोजा. मग पिच गेजची पट्टी आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा. फट दिसली की पट्टी चुकली. २६ चे सायकल आटे आणि २६ चे बीएसएफ यांत फरक फक्त कोनाचा, ५५ आणि ६० चा. तो पट्टीच्या दातांच्या उतारावर दिसतो. पिच गेज स्वस्त असते. व्हिटवर्थ आणि मेट्रिक अशी दोन्ही ठेवा.

दुसरा, खराब आटे साफ करायला कापणारा टॅप घालू नका. तो धातू काढतो. आट्यांची कानस किंवा चेसर वापरा, म्हणजे दबलेला आटा उभा राहतो.

तिसरा, नट आणि बोल्ट दोन्ही बाहेरचे असतील तर जोडी मेट्रिक घाला, माझी हरकत नाही. रोज गाडी चालवणाऱ्याला हायवेवर सीईआय नट कोण देणार? मूळ जोडी डबीत चिठ्ठी लावून ठेवा, पुढचा माणूस परत बसवेल. पण केसिंग, हब, फ्रेम यांतल्या भोकाला मेट्रिक टॅप लावू नका. जोडी बदलणं परत फिरवता येतं, भोक नाही. आटे गेलेच असतील तर वायर इन्सर्ट घाला. स्प्रिंगसारख्या तारेची ही गुंडाळी मूळ मापाचा आटा परत देते, तोही आधीपेक्षा मजबूत.

चौथा, मिळत नसेल तर बनवा. छोट्या लेथवर सीईआय बोल्ट करणं अवघड नाही. मेट्रिक लेथवर इंची आटे पाडायचे तर गिअरमध्ये १२७ दातांचं चाक लागतं. का? एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ च्या पाचपट १२७. इंच आणि मिलिमीटर या दोन दुनियांमधला अचूक पूल म्हणजे हे एक चाक. जुना लेथ घ्यायला जाल तेव्हा सोबतच्या गिअरच्या ढिगात ते आहे का, हे आधी बघा.

कुणासाठी?

कुणी विचारेल, एवढा आटापिटा कशासाठी? सगळंच मेट्रिक करून मोकळं व्हा.

माझं उत्तर सैनिकाचं आहे. प्रमाण ठरवणं म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्द. व्हिटवर्थनं तो शब्द दिला म्हणून जमालपूरच्या फिटरला मँचेस्टरचा बोल्ट लावता आला. आघाडीवर रात्री गाडी दुरुस्त करणारा जवान ज्यानं ती बनवली त्याला ओळखत नसतो. तो फक्त विश्वास ठेवतो की या भोकात जे असायला हवं, तेच आहे. मूळ आट्याच्या भोकात कुणी गुपचूप दुसरा टॅप घातला की तो शब्द मोडतो, आणि त्याचा पत्ता पुढच्या माणसाला लागतो तो बोल्ट निसटल्यावर.

आज हे आटे हातानं ओळखणारे टर्नर आणि फिटर म्हातारे होत चालले आहेत. त्यांच्या टॅप-डायचे डबे मुलं भंगारात किलोवर घालतात. तुमच्या गल्लीत असा कुणी असेल तर त्याच्याकडे एक दुपार बसा. डब्यातल्या प्रत्येक टॅपवर काय कोरलं आहे ते वाचून घ्या, वहीत लिहा, जमलं तर डबा विकत घ्या. व्हिटवर्थनं १८४१ च्या आधी हेच केलं होतं: कारखान्या-कारखान्यातले बोल्ट गोळा करून मोजले.

पुढच्या भागात कार्ब्युरेटरकडे वळू. तोपर्यंत आपापल्या गाडीचा एक बोल्ट काढा, मोजा आणि कुठल्या घराण्याचा आहे ते ओळखा.

जय हिंद.